विल्सबाई आणि परळच्या बायका

आपल्या स्मरणिकेसाठी मी दरवर्षी एखादी पाककृती देते, हे भगिनींना ठाऊक आहेच. गेल्या वर्षीचे अळूचे फदफदे बऱ्याच जणींनी करून पाहिले व दोघींचे खाजरे झाले, तेही माझ्या कानावर आले. यंदा चिटणीसबाई घरी आल्या तेव्हा मी नेहमीप्रमाणे वही काढू लागले, तर त्या म्हणाल्या, "वहिनी, यंदा पदार्थ नको. तुमच्या आजारपणात तुम्ही आणि तुमच्या लेकीने जे काय शोधून काढलेत, ते लिहा." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. डॉक्टरी गोष्टी मी काय लिहिणार?" पण चिटणीसबाईंपुढे आजवर कोणाचे चालले आहे? तेव्हा चुकले-माकले पदरात घ्यावे. इंग्रजी होते तेवढे माझ्या मुलीने वाचून मला मराठीत समजावून दिले. ती रक्त-लघवी तपासण्याचे शिक्षण घेत आहे. मते मात्र माझी आहेत.

माझे माहेर लालबागचे. आमच्या चार पिढ्या गिरणीत गेल्या. वडील १९८२ च्या संपात घरी बसले ते पुन्हा नीट कामाला लागलेच नाहीत, आणि म्हणूनच माझी शाळा सातवीला संपली. परंतु आज सांगायची आहे ती त्याच्याही पुष्कळ आधीची, माझ्या पणजीची हकीकत. ती गिरणीच्या वाइंडिंग खात्यात होती. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा असे आणि त्यांतल्या बहुतेक वाइंडिंग व रीलिंग या दोन खात्यांत असत. आठवड्याचे साठ तास काम, ते आटोपून घरी येऊन चूल.

माझी आजी दोन वर्षांची होती तेव्हा पणजी वारली. पोटात मूल होते, सातवा महिना चालू होता. साल १९३०, पावसाळा. आजीला अर्थातच काही आठवत नव्हते. तिला वाढविले तिच्या आत्याने, आणि आत्याने जे सांगितले ते आजीने आम्हा नातींना सांगितले. ती पांढरी फटक पडली होती. ओठ कापसासारखे. पायांवर सूज, बोट दाबले तर खळगा तसाच राही. चाळीचा एक जिना चढली की मधल्या पायरीवर बसे. तोंड आलेले, जीभ लालभडक आणि गुळगुळीत, आमटीचा घोटसुद्धा झोंबे, म्हणून नुसता भात पाण्यात कालवून गिळायची. चाळीतल्या कोणी नजर काढली, कोणी अंगारा लावला. एका म्हातारीने सांगितले की काही बायकांना बाळंतपण मानवतच नाही. जाण्यापूर्वी आठवडाभर ती कामावर गेली होती. आजी हे सांगताना शेवटी नेहमी एकच वाक्य म्हणे, "माझ्या आयशीचं रगत पाण्यावानी झालं व्हतं."

आता माझे स्वतःचे. लग्न होऊन मी खोताच्या वाडीत आले, दोन मुले झाली. दोन्ही वेळा सरकारी लाल गोळ्या घेतल्या आणि बाळंतपणे सुखरूप पार पडली. चाळिशी उलटल्यावर मात्र मला थकवा येऊ लागला. जवळच्या एका दवाखान्यात दाखविले, तर बोटातून रक्त काढून सांगितले की रक्त कमी आहे, आणि पुन्हा त्याच लाल गोळ्या दिल्या. घेतल्या. रक्त थोडे चढले. परत उतरले की परत गोळ्या. अशी तीन वर्षे गेली. मधल्या काळात पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग तळपाय बधिर झाले. फरशीवर चालते आहे की गादीवर, हे कळेना. त्या दवाखान्यात सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, "वयाप्रमाणे होतं असं, बसून कामं करा." वाडीतल्या आमच्या घराचा जिना जुना, लाकडी, आणि वळणावर अंधार. एके दिवशी पाण्याची कळशी घेऊन उतरताना पायरी पायाला कळलीच नाही. कळशी खाली, मी तिच्यामागून. समोरच्या आंटी धावत आल्या नसत्या तर मी तिथेच किती वेळ पडून राहिले असते कोण जाणे.

पुढे आपल्याच मंडळाच्या आरोग्य शिबिरात आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मला जीभ बाहेर काढायला सांगितली. जीभ पाहून त्या गप्प झाल्या. मग डोळे मिटून उभे राहायला सांगितले, तर माझा तोल जाऊ लागला. त्यांनी रक्ताच्या आणखी तपासण्या लिहून दिल्या, आणि जे निघाले त्याचे नाव पर्निशस अॅनिमिया. मराठीत घातक पंडुरोग म्हणावे लागेल. नाव ऐकून घरात रडारड झाली. परंतु हे नाव जुन्या काळी पडले, जेव्हा त्यावर उपाय नव्हता आणि रोगी हमखास मरे. आता इंजेक्शने आहेत. प्रथम रोज, मग आठवड्याला, नंतर महिन्याला एक, आणि ते जन्मभर.

मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "हे बी-बारा जीवनसत्त्व मांस-मासळीत असतं ना? मग आमच्या घरी तर आठवड्यातून चार दिवस मासे." त्यांनी फार चांगले समजावले. म्हणाल्या, बी-बारा पोटात पोचले म्हणजे ते अंगी लागतेच असे नाही. जठरात एक पदार्थ तयार होतो, तो बी-बाराला हात धरून आतड्याच्या पार शेवटापर्यंत नेतो, तेव्हा कोठे ते रक्तात शिरते. तुमच्या शरीराचे रखवालदारच उलटले आहेत, त्यांनी तो पदार्थ करणाऱ्या पेशी मारून टाकल्या. मासे खा नाही तर खाऊ नका, नेणारेच कोणी नाही.

हा पदार्थ जठरात असतो हे बॉस्टनच्या कॅसल नावाच्या तरुण डॉक्टराने १९२९ च्या सुमारास दाखविले. त्याने कसे दाखविले ते सांगू की नको? तो स्वतः मांस खाई, तासाभराने ओकून काढी आणि ते रोग्याला नळीने देई. रोगी सुधारत. नुसते मांस दिले तर सुधारत नसत. लिहिताना मलाच मळमळते आहे, पण त्या माणसाच्या जिद्दीला नमस्कार केलाच पाहिजे.

हा आजार लंडनच्या टॉमस अॅडिसन या डॉक्टरांनी १८५५ मध्ये सविस्तर वर्णन केला, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे पुस्तकांत असेच लिहिले जाई की हा उत्तर युरोपातल्या गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या माणसांचा रोग आहे. आशियातल्या माणसांना तो क्वचितच होतो. चिनी लोकांना तर जवळजवळ नाहीच. माझ्या मुलीला मात्र २००६ साली छापलेला एक निबंध सापडला. हाँगकाँगमधल्या एकाच रुग्णालयातील १८१ चिनी रोग्यांचा तो अभ्यास आहे, आणि सर्वांना हाच आजार. एका रुग्णालयात १८१! मला त्यात फारसे नवल वाटले नाही. घरात हरवलेली वस्तू जिथे शोधायचीच नाही असे ठरविले, तिथे ती सापडणार कशी? मी गोरी नाही, डोळे निळे नाहीत, म्हणून तीन वर्षे माझी जीभ कोणी पाहिली नाही.

मुलगी हे सारे वाचत असताना एका पानावर थांबली आणि म्हणाली, "आई, यात परळ आहे." तिथून ही खरी गोष्ट सुरू होते.

साल १९२८. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप चालला होता. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने घरी बसलेले. चाळींत काय शिजत असेल त्याची कल्पना लालबाग-परळच्या लेकीबाळींना तरी सांगावी लागू नये. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बाळंतिणींना रजा आणि भत्ता मिळावा असे विधेयक आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. आणि त्याच वर्षी इंग्लंडहून एक चाळीस वर्षांची, अविवाहित, सडपातळ डॉक्टरीण परळच्या हाफकिन संस्थेत दाखल झाली. तिचे नाव लूसी विल्स. विल्स म्हटले की आपल्याकडे सिगारेटचे पाकीट आठवते, पण ही विल्स निराळी.

तिला बोलावून घेणारीही बाईच होती. डॉ. मार्गारेट बाल्फर या हिंदुस्थानातील स्त्री-वैद्यक खात्याच्या मुख्य होत्या. निवृत्त झाल्यावरही त्या मुंबईत राहून बाळंतपणात बायका का मरतात याचा शोध घेत होत्या. गिरणीतल्या गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग होतो, रक्ताच्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या पण संख्येने फारच थोड्या होतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे अॅडिसनच्या पर्निशस अॅनिमियासारखेच दिसते, असे आढळले होते. म्हणून त्याला गरोदरपणातला पर्निशस अॅनिमिया असेच म्हणत.

विल्सबाईंचा जन्म १० मे १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण पदवी नाही! केंब्रिजने बायकांना पुरती पदवी द्यायला १९४८ साल उजाडले. पहिल्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेत शुश्रूषेचे काम केल्यावर त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात नाव घातले व १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. हे विद्यालय गिरगावकरांना परके नाही. आपल्या गिरगावातल्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात वाढलेल्या डॉ. रखमाबाई, ज्यांनी लहानपणी झालेले लग्न मानणार नाही असे कोर्टात सांगितले, त्या याच विद्यालयात शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या.

हाफकिन संस्था आम्ही लहानपणापासून पाहिलेली. आम्हा लालबागच्या मुलांना ती ठाऊक होती सापांसाठी, कारण तिथे सापांच्या विषावरचे औषध होई. ती जुनी इमारत म्हणजे पूर्वीचे गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान. प्लेगची लस शोधणारे हाफकिनसाहेब १८९९ मध्ये आपली प्रयोगशाळा घेऊन तिथे गेले आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. आमच्या चाळीपासून पायी वीस मिनिटांचे अंतर.

मला विल्सबाईंचे सर्वांत जास्त कौतुक कशाचे वाटते? त्यांनी सुरुवातीलाच, बायका खातात काय, हे पाहिले. एखादा जंतू आहे का, हे तर त्यांनी तपासलेच. पण तळपदे यांना बरोबर घेऊन मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली, व ती १९३० मध्ये छापली. तळपदे हे आडनाव ऐकून आपल्या पाठारे प्रभू भगिनींचे कान टवकारतील! निरनिराळ्या जातिधर्मांच्या बायका काय खातात, किती खातात, दूध मिळते का, भाजी कितीदा, उजेडात किती वावरतात, हे सारे त्यात होते. गरीब मुसलमान बायकांत हा रोग अधिक दिसला, आणि त्यांचाच आहार सर्वांत अपुरा निघाला. फळ नाही, हिरवी भाजी नाही, दुधाचा थेंब चहापुरता. आता पणजीच्या ताटाचे वर्णन आजीने केले होते ते याहून काय निराळे होते? भात, पातळ आमटी, सुकटीचा तुकडा असला तर असला. भाजी आली तर आधी पुरुषांना, मग मुलांना, आणि उरले तर तिला. हा नियम सरकारने केलेला नव्हता, गिरणीमालकानेही केलेला नव्हता. तो आपल्याच स्वयंपाकघरातला होता, आणि कित्येक घरांतून अजून आहे.

मग विल्सबाईंनी उंदीर घेतले. मुंबईच्या गरीब बाईच्या ताटात असते तसे अन्न माद्यांना दिले. त्या पांढऱ्या पडल्या आणि पिले होण्याआधीच मेल्या. त्याच अन्नात यीस्ट मिसळले की वाचत. पुढे असे निघाले की त्या उंदरांच्या अंगावरच्या उवांतून त्यांना एक रोग होत होता आणि त्याने सारा हिशेब गढूळ केला होता. दुसरी एखादी कंटाळली असती. यांनी माकडे घेतली. असे सांगतात की एक माकड अगदी मरणाला टेकले होते, तेव्हा आता हेही करून पाहू म्हणून त्याला मार्माइट दिले, आणि ते उठून बसले.

मार्माइट म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हते. इंग्लंडात दारूच्या भट्टीत बिअर झाल्यावर तळाशी जे यीस्ट उरते, त्याचा हा अर्क. तिकडे १९०२ पासून करतात व पावाला लावून खातात. मुलीने मुद्दाम एक लहान बाटली आणली. दिसायला काकवी, म्हणून मी बोटभर चाटले, आणि तोंड असे झाले की घरातली माणसे हसून लोळली. खारट, उग्र, जुन्या लोणच्याच्या खारासारखे. आंटींना मात्र ते आवडले. त्यांच्या घरी नाताळात फुग्या करतात, त्याचे पीठ पूर्वी ताडी घालून फुगवीत. त्या म्हणाल्या, "हा तर आमच्या पिठाचाच वास!" बरोबरच आहे, फुगविणारी चीज शेवटी तीच.

पण यीस्टच का? तर १९२६ मध्ये अमेरिकेच्या मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी असे दाखविले होते की पर्निशस अॅनिमियाच्या रोग्याला रोज पावशेरभर अर्धीकच्ची कलेजी खाऊ घातली तर तो मरत नाही. १९३४ चे नोबेल पारितोषिक व्हिपल यांच्यासह त्यांना मिळाले. कलेजीने आपल्या बायकाही सुधारत. पण रोज पावशेर कलेजी गिरणीतल्या बाईने आणावी कोठून? आणि कित्येकींच्या घरात ती शिजणार नाही, नळीतून दिलेला अर्कही चालणार नाही. शिवाय तो अर्क महाग. मार्माइट स्वस्त होते, आणि ते कोणाच्या धर्माच्या आड येत नव्हते. म्हणून विल्सबाईंनी ते चमच्याचमच्याने गरोदर बायकांना दिले. थोड्याच दिवसांत त्या बायकांना भूक लागू लागली. रक्तात नव्या तांबड्या पेशी भराभर दिसू लागल्या. सूज उतरली. २० जून १९३१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आले.

माझी पणजी गेली १९३० च्या पावसाळ्यात. तिला नेमका कोणता पंडुरोग होता, हे आता कोणी रक्त काढून सांगणार नाही. पण सातवा महिना, ती जीभ, ती सूज आणि ते ताट हे सारे मी डॉक्टरीणबाईंना सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "वीस मिनिटं चालत, म्हणालात ना?"

त्यानंतर विल्सबाई मद्रासच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या, त्याआधी काही काळ कुन्नूरला होत्या, १९३३ मध्ये लंडनला परतल्या. १९३७ मध्ये पुन्हा हाफकिनला आल्या त्या विमानाने. पाच दिवस लागले. या वेळी त्यांना एक गाठ सोडवायची होती, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या गोष्टीचे मर्म तिच्यातच आहे. तोपर्यंत कलेजीचा अर्क अधिक शुद्ध करता येऊ लागला होता. तो शुद्ध अर्क अॅडिसनच्या खऱ्या पर्निशस अॅनिमियाला उत्तम लागू पडे. पण मुंबईच्या बायकांना दिला तर काही होईना! जुना, गाळीव नसलेला अर्क मात्र चाले, मार्माइट चाले. विल्सबाईंनी निष्कर्ष काढला की रोग दिसायला एक, पण आहेत दोन. शुद्ध करताना जे फेकून दिले जाते त्यात दुसरेच काहीतरी आहे, आणि आपल्या बायकांना तेच हवे आहे. त्या काहीतरीला नाव नव्हते, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. आपण गृहिणी कण्या पाखडून टाकतो आणि मग कळते की जीव कण्यांत होता, तसे हे झाले.

पुढची कथा जगाची आहे. १९४१ मध्ये अमेरिकेत काही टन पालक गाळून एक पदार्थ काढण्यात आला. पान म्हणजे लॅटिनमध्ये फोलियम, म्हणून त्याला फोलिक अॅसिड म्हटले. १९४५ मध्ये अमेरिकेतच, आपल्या आंध्रातून गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्यांचे प्रमुख होते त्या प्रयोगशाळेत, ते कृत्रिम रीतीने तयार झाले. विल्सबाईंचा फॅक्टर तो हाच. आणि कलेजीतले दुसरे, खऱ्या पर्निशस अॅनिमियाचे औषध, ते बी-बारा, १९४८ मध्ये हाती आले. आज आपल्याकडे गरोदर बाईला लोहाबरोबर फोलिक अॅसिड असलेली लाल गोळी देतात. १९७० पासून सरकारने ती योजना चालविली आहे. म्हणजे माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी जी गोळी गिळली तिच्यात परळच्या बायकांच्या रक्ताचा शोध होता. १९९१ मध्ये तर असे सिद्ध झाले की गर्भ राहण्याच्या आधीपासून फोलिक अॅसिड घेतले तर बाळाच्या पाठीच्या कण्यातील मोठे व्यंगही पुष्कळ टळते. तेव्हा तरुण भगिनींनो, माझी पुढची तक्रार वाचून गोळ्या बंद करू नका.

तक्रार अशी. दोन रोग दिसायला सारखे असले म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला दिले जाणारच. पर्निशस अॅनिमियाच्या रोग्याला नुसते फोलिक अॅसिड दिले तर रक्त काही काळ सुधारते, पण नसांची झीज चालूच राहते, किंबहुना वाढते. हे फोलिक अॅसिड निघाल्यावर थोड्याच वर्षांत डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. आणि तरी माझे झाले काय? लाल गोळ्यांनी रक्त चढे, कागदावरचा आकडा पाहून दवाखाना समाधानी, आणि पायांच्या नसा हळूहळू मरत होत्या. जी गोळी पणजीला मिळाली असती तर कदाचित ती वाचली असती, तीच तीन वर्षे माझा आजार झाकून बसली. पणजीला फोलिक अॅसिड हवे होते, मला बी-बारा. एकाच कुटुंबातल्या दोन बायका, जीभ दोघींची सारखीच लाल.

इंजेक्शने सुरू झाल्यापासून माझ्या अंगात बळ आले आहे. तळपाय मात्र पूर्ण परतले नाहीत. डावा अजून गादीवरच चालतो.

ज्या भगिनी शाकाहारी आहेत त्यांनी हे अधिक लक्षपूर्वक वाचावे. बी-बारा पालेभाजीत, डाळीत, कडधान्यात नाही. दुधा-दह्यात आहे, तेही थोडे. पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर बायकांचे रक्त डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तपासले, तर निम्म्याहून अधिक जणींत बी-बारा कमी निघाले. फोलिक अॅसिड मात्र बहुतेक सर्वांत ठीक होते. उलट फोलिक अॅसिड पाल्यात, मुगात, मसुरात, चवळीत भरपूर असते, पण ते उष्णतेने मरते आणि पाण्यात उतरते. पालेभाजी उकडून पाणी मोरीत ओतणाऱ्या आपण किती जणी आहोत, ते प्रत्येकीने आपल्याशी म्हणावे. मीही त्यातलीच होते. आता अंबाडीचे पाणी तेवढे टाकते, कारण ते आंबट घरात कोणी खात नाही.

विल्सबाई १९४७ मध्ये नोकरीतून निवृत्त झाल्या. त्यानंतरही जमैका, फिजी अशा दूरदेशी रक्त तपासत हिंडल्या, सायकलवरून फिरत, डोंगर चढत. लंडनमध्ये नगरसेविकाही होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी वारल्या. २०१९ मध्ये त्यांच्या जन्मदिनी मोबाइलवर गूगल उघडले की त्यांचे चित्र दिसत होते. मुलीला ते आठवते, तिने तेव्हा न वाचताच पुढे सरकविले होते. शास्त्रीय निबंधांत रोग्यांची नावे छापण्याची पद्धत नसते, त्यामुळे ज्या बायकांनी बोटातून आणि दंडातून रक्त दिले, तो काळा खारट अर्क नाक मुरडून गिळला, त्यांची नावे कोठेही मिळत नाहीत. माझ्या पणजीचे नाव मात्र मला ठाऊक आहे, पण आमच्यात सासरमाहेरच्या वडीलधाऱ्या बायकांची नावे छापून आणणे आजीला आवडले नसते.

गेल्या महिन्यात मंडळाचे आरोग्य शिबिर पुन्हा झाले. नोंदणीच्या टेबलावर मी बसले होते. छापील कागदावर रकाने होते ते नाव, वय, वजन, रक्तदाब आणि रक्ताचा आकडा एवढेच. मी डॉक्टरीणबाईंना विचारून पट्टीने आणखी तीन रकाने आखले. जीभ पाहिली का, पायांना मुंग्या येतात का, आणि घरात सर्वांत शेवटी कोण जेवते. शेवटचा रकाना पाहून बायका हसू लागल्या. आंटी पहिल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, दोन रकान्यांत 'नाही' लिहिले, आणि तिसऱ्याशी बराच वेळ पेन धरून उभ्या राहिल्या.